संकटातील पहिला तास आणि समाजाचे कर्तव्य

(अग्निशमन सेवा सप्ताहाच्या निमित्ताने एका तालुक्याच्या गावी झालेल्या व्याख्यानमालेत, एका निवृत्त अग्निशमन अधिकाऱ्याने केलेल्या भाषणाचे हे शब्दांकन.)



या व्यासपीठावरून आपण आजवर इतिहास, वाङ्मय आणि तत्त्वज्ञान या विषयांवर अनेक विद्वानांची व्याख्याने ऐकली आहेत. मी त्या पंक्तीत बसणारा नाही. माझे सारे आयुष्य बंब, नळी आणि शिडी यांच्या सहवासात गेले. एकतीस वर्षे मी पगार घेऊन आगी विझवल्या. निवृत्तीनंतर, दरीत कोसळलेल्यांना वर आणणाऱ्या तरुणांच्या सोबतीने, शरीर साथ देईल तितके काम विनावेतन करतो आहे. संकटात धावून जाणारा पगारी माणूस आणि कोणताही मोबदला न घेता धावणारा स्वयंसेवक, अशी दोन्ही आयुष्ये मी आतून पाहिली आहेत. त्या दोघांच्या पाठीशी आपला समाज कसा उभा राहतो आणि कोठे उणा पडतो, एवढेच आज सांगायचे आहे.

पहिला तास कोणाचा?

१९ जुलै २०२३ची रात्र आठवा. खालापूर तालुक्यातील इरशाळगडाच्या कुशीत वसलेल्या इरशाळवाडीवर डोंगराचा कडा कोसळला. ठाकर समाजाची ही वस्ती. तिथे मोटार जाण्याजोगा रस्ता नव्हता. पायथ्यापासून तास-दीड तासाची निसरडी चढण, काळोख आणि मुसळधार पाऊस. यंत्रसामग्री वर नेणे अशक्य आणि हवामानामुळे हेलिकॉप्टरही उपयोगाचे नाही. जे काही करायचे ते कुदळ, फावडे आणि दोन हात यांनीच करायचे होते. त्या रात्री आसपासच्या गावांतील माणसे, खोपोली परिसरातील गिर्यारोहक तरुण आणि अग्निशमन दलाचे जवान ती चढण चढले. नवी मुंबई अग्निशमन दलाचे एक अधिकारी त्या चढणीवरच हृदयविकाराच्या झटक्याने गेले. दुसऱ्यांना वाचविण्यासाठी निघालेला हा माणूस घटनास्थळी पोहोचण्यापूर्वीच कामी आला.

त्याच्या दोन वर्षे आधी, २२ जुलै २०२१ रोजी, महाड तालुक्यातील तळीये गावावर दरड कोसळली. ८०हून अधिक माणसे त्यात गेली. महाड शहर त्या दिवशी स्वतःच पुराच्या पाण्यात होते, घाटरस्ते दरडींनी बंद होते. बाहेरची कुमक पोहोचायला दुसरा दिवस उजाडला. तोवर मातीखालून आपली माणसे काढणारे हात गावकऱ्यांचेच होते. २८ जुलै २०१८ रोजी पोलादपूरजवळ आंबेनळी घाटात दापोलीच्या कृषी विद्यापीठातील कर्मचाऱ्यांची बस दरीत कोसळली आणि ३० जण मृत्युमुखी पडले. त्या खोल दरीत दोर सोडून उतरणाऱ्यांत महाड आणि महाबळेश्वर परिसरातील गिर्यारोहक होते. त्यापूर्वी, २ ऑगस्ट २०१६च्या रात्री, महाडजवळ सावित्री नदीवरचा ब्रिटिशकालीन पूल वाहून गेला, तेव्हा पुढची वाहने थांबविण्यासाठी रस्त्यावर धावणारा माणूस हा जवळच्या गॅरेजमधला एक साधा कामगार होता.

राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाविषयी माझ्या मनात अत्यंत आदर आहे. त्यांचे शिक्षण, शिस्त आणि साधने यांना तोड नाही. परंतु या दलाची आपल्या भागाला जवळची वाहिनी पुणे जिल्ह्यात तळेगाव दाभाड्याजवळ आहे. तेथून आदेश निघून, माणसे आणि साहित्य वाहनांत चढून, दरडी कोसळलेल्या घाटातून ती कोकणात उतरेपर्यंत जे तास जातात, ते कोणाच्याही इच्छाशक्तीने कमी होत नाहीत. हृदयक्रिया बंद पडलेल्या माणसाच्या मेंदूची हानी मात्र चार ते सहा मिनिटांत सुरू होते. धुराने भरलेल्या खोलीत अडकलेल्यापाशीही मोजकीच मिनिटे असतात. म्हणून पहिला तास हा स्थानिक माणसांचाच असतो. तो तास ज्याच्या हाती, त्याच्या हाती साधने आणि शिक्षण असते का, हा खरा प्रश्न आहे.

पगारी माणसाचे दैन्य

१४ एप्रिल हा अग्निशमन सेवा दिन कशासाठी पाळतात, हे आपल्यापैकी अनेकांना ठाऊक असेल. १९४४ साली याच दिवशी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकाईन' या जहाजाला आग लागली. जहाजात कापसाच्या गासड्या आणि युद्धासाठीचा दारूगोळा एकत्र भरलेला होता. अग्निशमन दलाचे जवान जहाजावर पाण्याचे फवारे मारीत असतानाच दुपारी चारच्या सुमारास पहिला स्फोट झाला आणि अर्ध्या तासात दुसरा. ६६ जवान त्यात गेले. ९ मे २०१५ रोजी काळबादेवीतील गोकुळ निवास या जुन्या इमारतीला आग लागली आणि इमारत कोसळली. संजय राणे आणि महेंद्र देसाई हे अधिकारी त्या दिवशीच गेले. उपप्रमुख सुधीर अमीन आणि दलाचे प्रमुख सुनील नेसरीकर यांनी पुढे रुग्णालयात प्राण सोडले. दलाचा प्रमुख आपल्या जवानांसोबत आगीत उभा राहतो, ही या सेवेची परंपरा आहे.

पण मुंबईचे दल मोठे. त्याला मनुष्यबळ आहे, इतिहास आहे, वर्तमानपत्रांचे लक्ष आहे. आपल्यासारख्या लहान गावांत चित्र काय असते? एक जुना बंब, कंत्राटावर घेतलेली तीन-चार माणसे, आणि चालक रजेवर गेला तर बंब हलवायला कोणी नाही. एका नगरपालिकेत मी काही काळ काम केले. तिचे नाव घेत नाही, कारण अशा नगरपालिका पुष्कळ आहेत. धुरात शिरताना पाठीवर बांधायच्या श्वसनयंत्रांची मागणी मी तेथे केली होती. ती फाईल दोन अंदाजपत्रके पडून राहिली. त्याच दोन वर्षांत गावाच्या वेशीवर स्वागत कमान मात्र उभी राहिली. दरम्यान एका गोदामाला आग लागली आणि माझा एक जवान तोंडाला ओला रुमाल बांधून आत गेला. ओल्या रुमालाने काजळी थोडी अडते, परंतु कार्बन मोनॉक्साईड हा विषारी वायू अडत नाही. त्याला रंग नाही, वास नाही. तो जवान बाहेर आला तो चार पावले चालून खाली कोसळला. दैव बलवत्तर म्हणून वाचला. दुसऱ्या दिवशी गावाने त्याचा सत्कार केला. श्वसनयंत्राविषयी त्या सभेत कोणी एक शब्द बोलले नाही. मीही बोललो नाही. सत्काराच्या दिवशी तक्रार करू नये, असे मला वाटले. आज मला त्याची खंत आहे.

दुसरी गोष्ट पाण्याची. साधारण साडेचार हजार लिटर पाण्याचा बंब एका मोठ्या नळीने सुमारे दहा मिनिटांत रिकामा होतो. त्यानंतर पाणी कोठून आणायचे? जवळची विहीर कोणती, तिच्यापर्यंत बंब पोहोचतो का, कोणत्या सोसायटीची भूमिगत टाकी भरलेली असते, हे आग लागल्यावर शोधायचे नसते. ज्या गल्लीत दुतर्फा गाड्या उभ्या असतात, त्या गल्लीच्या तोंडाशी बंब थांबून राहतो आणि आत घर जळत असते. मग लोक जवानांना शिव्या देतात आणि उशीर कोणामुळे झाला हे कोणी विचारीत नाही.

विनामोबदला म्हणजे बिनखर्चाचे नव्हे

आता स्वयंसेवकांकडे वळू. लोणावळ्याचे 'शिवदुर्ग मित्र', खोपोलीचे 'यशवंती हायकर्स' यांसारखी मंडळे सह्याद्रीच्या काठाने वर्षानुवर्षे काम करीत आहेत. त्यांत शेतकरी आहेत, दुकानदार आहेत, शिक्षक आहेत. किल्ल्यावर वाट चुकलेली मुले, धबधब्यात बुडालेले पर्यटक, घाटात कोसळलेली वाहने, अशा प्रत्येक प्रसंगी पोलिसांचा फोन त्यांनाच जातो. एका जखमीला झोळीतून चढणीवर आणायचे तर आळीपाळीने खांदा देणारी पंधरा-वीस माणसे लागतात. प्रत्येकाचा तो दिवस बुडतो. गाडीचे इंधन त्याच्याच खिशातून जाते.

आणि दोर! आपण म्हणाल, दोराचे काय एवढे? बचावकार्यासाठी लागणारा दोर साधा नसतो. आत धाग्यांचा गाभा आणि वरून विणलेले आवरण, अशी त्याची घडण असते. चढाईसाठी लवचीक दोर वेगळा, जखमीला ओढून घेण्यासाठी कमी ताणला जाणारा दोर वेगळा. दगडाच्या धारेवर घासला, उन्हात पडला, रसायन लागले की त्याचे बळ घटते. अजिबात वापरला नाही तरी दहा वर्षांनंतर तो मोडीत काढावा, असे तो बनविणारेच सांगतात. ज्या दोराला एका माणसाचे प्राण टांगायचे, त्याचे वय ठाऊक असावे लागते. वर्गणी गोळा करून दोर घेणाऱ्या मुलांना हे पथ्य पाळणे किती अवघड जाते, ते मी पाहिले आहे.

माझ्यासोबत काम करणारा एक तरुण रिक्षाचालक आहे. नाव सांगत नाही. त्याला ते रुचणार नाही. अत्यंत चपळ, शांत डोक्याचा आणि गाठी बांधण्यात तरबेज. पावसाळ्यात एका पर्यटकाचा मृतदेह दरीतून वर आणताना शेवाळलेल्या खडकावरून त्याचा पाय निसटला. पायाचे हाड मोडले, सळई घालावी लागली. साडेचार महिने रिक्षा दारात उभी होती. आम्ही मित्रांनी वर्गणी काढून शस्त्रक्रियेचा काही भार उचलला. दिवाळीनंतर मी त्याच्या घरी गेलो. त्याच्या पत्नीने चहा पुढे ठेवला आणि अगदी साध्या स्वरात म्हणाली, "साहेब, घरात शाली तीन झाल्या. रिक्षाचा हप्ता मात्र चार महिने थकलाय."

मी काहीही उत्तर देऊ शकलो नाही. त्या तीन शालींपैकी एक मीच त्याच्या खांद्यावर घातली होती.

त्याचा विमा नव्हता. आमच्या गटात कोणाचाच नव्हता. इतकी वर्षे दलात काढलेल्या माझ्यासारख्या माणसाला ती गोष्ट सुचायला हवी होती. आम्ही दोर मोजले, कड्या मोजल्या, माणसांच्या मागे असलेली घरे मोजली नाहीत. तो तरुण आता बरा आहे, रिक्षा चालवतो, भेटला की हसतो. पण हाक आली की येत नाही. मी त्याला दोष देत नाही.

हे शासनाचे काम नाही काय?

व्याख्यान संपल्यावर कोणी तरी हा प्रश्न विचारणार, हे मला माहीत आहे. आहे, निश्चितपणे शासनाचे काम आहे. पण शासन म्हणजे कोण, तेही पाहू. संविधानाच्या ७४व्या दुरुस्तीने जी बारावी अनुसूची जोडली गेली, तिच्यात अग्निशमन सेवा हा नगरपालिकांचा विषय म्हणून नोंदलेला आहे. म्हणजे आपल्या बंबाचे भवितव्य दिल्लीत ठरत नाही. ते आपल्याच नगरपालिकेच्या अंदाजपत्रकात ठरते. ग्रामपंचायतींसाठीच्या अकराव्या अनुसूचीत हा विषय नाहीच. त्यामुळे खेड्यात आग लागली की जवळच्या शहराचा किंवा औद्योगिक वसाहतीचा बंब येईपर्यंत वाट पाहणे, एवढेच हाती उरते. राज्यांच्या अग्निशमन सेवांच्या विस्तारासाठी केंद्राने २०२३ साली ५ हजार कोटी रुपयांची योजना आणली, हे स्वागतार्हच आहे. परंतु वरून आलेला निधी आपल्या गावापर्यंत खेचून आणायला खाली जागा असलेले नागरिक लागतात.

शासनाने केलेल्या इतर काही चांगल्या गोष्टीही आपण समाज म्हणून पुरत्या वापरलेल्या नाहीत. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका महाराष्ट्रात २०१४पासून धावते आहे. 'आपदा मित्र' योजनेतून स्थानिक स्वयंसेवकांना प्रशिक्षण देण्याची सोय झाली. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली घातलेल्या १३४-अ या कलमाने अपघातग्रस्ताला सद्भावनेने मदत करणाऱ्याला संरक्षण दिले. त्याच्यावर खटला भरता येत नाही आणि इच्छा नसेल तर त्याला स्वतःचे नाव सांगण्याचीही सक्ती करता येत नाही. तरीही रस्त्यात विव्हळणाऱ्या माणसाभोवती जमलेला घोळका आजही 'पोलिसांचे लफडे नको' असे म्हणत उभा राहतो. होमगार्ड ही संघटना तर याच भूमीतली. डिसेंबर १९४६मध्ये मुंबईत तिची स्थापना झाली. बोलावतील तेव्हा गणवेश चढवून बंदोबस्ताला आणि पुराच्या पाण्यात उभ्या राहणाऱ्या त्या माणसांची आपण कधी चौकशी तरी करतो काय?

उत्साहाला शिस्त हवी

एक कटू गोष्टही सांगितली पाहिजे. केवळ उत्साहाने कोणी वाचत नाही. २०१९च्या महापुरात, ८ ऑगस्ट रोजी, सांगली जिल्ह्यातील ब्रह्मनाळ येथे गावकऱ्यांना बाहेर काढणारी बोट उलटली आणि अनेक जीव गेले. बोटीत क्षमतेहून अधिक माणसे होती. बोलावण्याची वाट न पाहता गावाने स्वतः धडपड केली, यात दोष कसला? दोष असेल तर तो आधी तयारी न केल्याचा. किती माणसे बसवायची, तरंगती जाकिटे कोणाला आधी द्यायची, सुकाणू कोणाच्या हाती, हे पूर येण्यापूर्वी ठरायला हवे असते. म्हणून स्वयंसेवकांनीही नोंदणी करावी, शिकावे आणि घटनास्थळी ज्याच्याकडे सूत्रे असतील त्याचा शब्द पाळावा. मनाला येईल तसे धावणाऱ्या दहा जणांपेक्षा एका आज्ञेत चालणारे चौघे अधिक काम करतात. संघटित समाज म्हणतात तो हाच.

आपण काय करू शकतो?

सज्जनहो, मी आपल्याकडे मोठ्या देणग्या मागायला आलेलो नाही. माझ्या मागण्या अगदी साध्या आहेत.

पहिली गोष्ट, गावातील सर्व बचाव स्वयंसेवकांचा सामूहिक अपघात विमा. त्याचा वार्षिक हप्ता एका गणेशोत्सव मंडळाच्या रोषणाईच्या खर्चातून सहज निघेल. मंडळांनी दरवर्षी आळीपाळीने तो भरावा. यापुढे मी कोणाला शाल देईन, तर विम्याच्या कागदासोबतच देईन, असा निश्चय मी केला आहे.

दुसरी गोष्ट रजेची. व्यापारी, कारखानदार आणि संस्थाचालक येथे बसले आहेत. आपल्याकडील एखादा कामगार बचावकार्याला गेला, तर त्याचा तो दिवस कापू नका. वर्षाकाठी असे चार-पाच दिवसच येतात. आपल्या हिशेबात ते दिसणारही नाहीत. त्याच्या घरात मात्र ते दिसतात.

तिसरी गोष्ट, नगरपालिकेच्या अंदाजपत्रकाच्या वेळी दहा जाणत्या नागरिकांनी जाऊन तीन प्रश्न विचारावेत. अग्निशमन विभागात मंजूर पदे किती आणि भरलेली किती? श्वसनयंत्रे किती आणि चालू किती? बंबाची शेवटची तपासणी कधी झाली? हे प्रश्न दरवर्षी विचारले गेले, तर उत्तरे बदलू लागतील. माझ्यासारख्या अधिकाऱ्याने मागितले तर ती फाईल होते. नागरिकांनी मागितले तर तो ठराव होतो.

चौथी गोष्ट प्रत्येकाने स्वतः शिकण्याची. श्वास आणि हृदय थांबलेल्या माणसाच्या छातीच्या मध्यावर दोन्ही तळहातांनी मिनिटाला १०० ते १२० वेळा, पाच ते सहा सेंटिमीटर खोल दाब द्यायचा. रुग्णवाहिका येईपर्यंत थांबायचे नाही. हे शिकायला अर्धा दिवस पुरतो. प्रत्येक शाळेने, प्रत्येक सोसायटीने असा एक वर्ग घ्यावा. आमच्या जवानांना बोलवा, ते आनंदाने येतील. त्या निमित्ताने त्यांची नावेही आपल्याला कळतील.

पाचवी गोष्ट दुर्घटनास्थळी वागण्याची. वाट मोकळी ठेवा. भ्रमणध्वनी वर करून चित्रीकरण करू नका. जवानांना पाणी आणि भाकरी आणून द्या, रात्री उजेडाची सोय करा.

आणि शेवटची गोष्ट, जिच्याविषयी आपण कधी बोलत नाही. ढिगाऱ्यातून लहान मुलांची प्रेते काढलेला तरुण घरी जातो, तेव्हा तो पूर्वीचा राहिलेला नसतो. त्याला झोप येत नाही, जेवण जात नाही, तो चिडतो. त्याला भित्रा म्हणू नका. गावातील डॉक्टरांनी आणि वडीलधाऱ्यांनी त्याच्यापाशी बसावे, त्याला बोलते करावे. मी स्वतः कित्येक वर्षे कोणाशी बोललो नाही आणि त्याची किंमत माझ्या घरच्यांनी मोजली.

आपल्या परंपरेत समाजाचे ऋण मानले आहे. एरवी आपण म्हणतो की, व्यक्तीवर समाजाचे ऋण असते. येथे ते उलट आहे. या माणसांचे ऋण समाजावर आहे आणि ते टाळ्यांनी फिटणारे नाही.

मृग नक्षत्र लागायला आता सात आठवडे उरले आहेत. घाटात दरडी याही वर्षी कोसळतील आणि हाक याही वर्षी येईल. त्या हाकेला धावणाऱ्या मुलांचे विम्याचे अर्ज मी आज सोबत आणले आहेत. एकूण तेवीस नावे आहेत. चोविसावा अर्ज त्या रिक्षाचालकाचा आहे. तो भरून घेऊन मी उद्या सकाळी त्याच्या घरी जाणार आहे. त्याने पुन्हा यावे, असे मी त्याला सांगणार नाही. एवढेच सांगेन की, यायचे असेल तर आता गाव तुझ्या मागे उभे आहे. ते वाक्य खरे ठरविणे आपल्या हाती आहे. व्याख्यानानंतर मी बाहेरच्या टेबलापाशी बसणार आहे.